रुग्णाच्या उशाशी धम्म



आपण विहारात जमतो, त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो, बावीस प्रतिज्ञांचे स्मरण करतो. हे सर्व आवश्यक आहे. परंतु आपण बौद्ध झालो की केवळ नाव बदलले, याची परीक्षा विहारात होत नाही. ती घरात होते. आणि घरातही सर्वात कठीण परीक्षा होते ती कोणी माणूस आजारी होऊन अंथरुणाला खिळतो तेव्हा. ज्या घरी म्हातारा बाप पक्षाघाताने पडून आहे, आईला कर्करोग झाला आहे, किंवा बाळंतिणीच्या अंगात ताप आहे, त्या घरात रात्री दोन वाजता काय घडते, कोण उठतो, कोण कूस बदलून झोपी जातो, यावरून त्या घराचा धम्म कळतो. म्हणून आजच्या प्रवचनाचा विषय आहे रुग्णसेवा. आणि त्यातही घरच्या घरी होणारी रुग्णसेवा.

हा विषय भोर-वेल्ह्याच्या आपल्या कुटुंबांना विशेष लागू आहे. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या पंचावन्न हजारांच्याही आत होती, आणि तीही डोंगरकपारीत, वाड्यावस्त्यांत विखुरलेली. इकडे भाटघर आणि नीरा देवघर, तिकडे पानशेत आणि वरसगाव. धरणांच्या फुगवट्याने समोर दिसणारे गावही वळसा घालून गाठावे लागते. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठा आजार असला तर पुण्याला जावे लागते. पण रुग्णालयात माणूस किती दिवस राहणार? आठ दिवस, पंधरा दिवस. त्यानंतर डॉक्टर सांगतात, “आता घरी न्या, सेवा करा.” त्या ‘सेवा करा’ या दोन शब्दांत पुढचे सहा महिने, कधी सहा वर्षे दडलेली असतात. आषाढात भात लावणी चालू आहे, चिखलात रस्ता गेला आहे, तरणी मुले पुण्या-मुंबईला कामाला आहेत, आणि घरात एक म्हातारी दुसऱ्या म्हाताऱ्याची सेवा करीत आहे. हे चित्र कोणत्या वस्तीला अपरिचित आहे?

तथागतांनी स्वतः केलेली सेवा

या प्रसंगी भगवान बुद्धांनी काय केले ते पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या आपल्या महान ग्रंथात, तथागतांच्या मानवतेचे वर्णन करताना, तो आवर्जून घेतला आहे. १९५७ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एका भिक्खूला अतिसाराचा विकार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत असताना त्याच्या जागी आले. त्यांनी विचारले, तुला काय झाले आहे? तुझी सेवा कोणी करतो का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर तो म्हणाला की मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी देखभाल करीत नाहीत.

तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी त्याला डोक्याकडून धरले, आनंदाने पायाकडून धरले, आणि दोघांनी त्याला उचलून स्वच्छ बिछान्यावर ठेवले. त्यानंतर भिक्खूसंघाला एकत्र बोलावून त्यांनी समज दिली. तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावयाची इच्छा आहे, त्याने आजारी माणसाची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

बंधूंनो, या प्रसंगातील एका शब्दाकडे लक्ष द्या. तो भिक्खू म्हणाला, मी ‘उपयोगी’ पडत नाही. रोगापेक्षा हे दुःख मोठे होते. आपल्या घरातील अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या मनातही नेमके हेच चाललेले असते. ज्या बापाने आयुष्यभर नांगर धरला, डोक्यावर पाट्या वाहिल्या, गोदीत किंवा गिरणीत घाम गाळून मुले शिकवली, तो आज पाण्याच्या तांब्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. त्याला वाटते, आता आपण कोणाच्या उपयोगाचे नाही. आपण ओझे झालो. आणि घरातील कोणी त्रासून एखादा शब्द बोलले, भांडे जरा जोरात आपटले, तर त्याच्या त्या समजावर शिक्कामोर्तब होते. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून करावयाची नसते, हे तथागतांनी व्याख्यान देऊन सांगितले नाही. पाण्याचे भांडे हातात घेऊन सांगितले. ज्या समाजव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना फक्त राबण्यापुरते उपयोगाचे मानले आणि माणूस मानले नाही, तिच्याविरुद्ध आपण बंड केले. मग तीच मोजपट्टी आपण आपल्या म्हाताऱ्या आईबापांना लावणार काय?

स्पर्श

रुग्णसेवा म्हणजे स्पर्श. आणि स्पर्श हा शब्द उच्चारला की आपल्या समाजाला आपला इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. भोरहून वरंधा घाट उतरले की महाड. तेथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपल्या स्पर्शाने पाणी बाटते असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. पण पाण्याइतकाच, किंबहुना त्याहूनही क्रूर असा स्पृश्यास्पृश्यभेद आजाऱ्याच्या खाटेपाशी पाळला गेला आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. श्वास घेववेना, बरगड्या दुखू लागल्या. डॉक्टर अस्पृश्याच्या घरी यावयास तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण अट अशी की रोग्याला वस्तीबाहेर आणावे. ती ओली बाळंतीण आपल्या अर्भकासह वस्तीबाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच मार्गाने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठवून दिले, पुन्हा पाहावयास मात्र नकार दिला. ती माउली मेली.

विद्या त्या डॉक्टरजवळ होती, औषध होते, थर्मामीटर होता. एकच गोष्ट नव्हती, हात लावण्याची माणुसकी. आता त्याच्याशेजारी तथागतांना उभे करा. शाक्य कुळातील राजपुत्र, साऱ्या संघाचा शास्ता, आणि मलमूत्राने भरलेल्या माणसाला स्वतःच्या हातांनी उचलतो! बाबासाहेबांनी आपल्याला कोणत्या धर्मातून काढून कोणत्या धम्मात आणले, हे समजण्यास या दोन चित्रांपलीकडे काही वाचावयास नको.

म्हणून आज आपल्या घरी आशाताई आल्या, नर्सबाई आल्या, आणि त्यांनी आपल्या आजीची नाडी पाहिली, जखम धुतली, तर तो उपकार म्हणून नव्हे, माणूस म्हणून आपला अधिकार आहे हे मनात धरा. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. कोणी उंबऱ्याबाहेरून गोळ्या टाकून जात असेल, बौद्धवस्तीचा फेरा टाळत असेल, तर गप्प बसू नका. लेखी तक्रार करा. आणि जी बाई पावसात दोन मैल चिखल तुडवून मनापासून सेवा करते, मग ती कोणत्याही जातीत जन्मलेली असो, तिला मानाने बसवा, चहा द्या, तिचे म्हणणे ऐका. न्याय मागणाऱ्याने न्यायाने वागलेही पाहिजे.

घाण काढण्याचे काम कोणाचे?

येथे एक शंका आपल्या तरुणांच्या मनात येते, आणि ती प्रामाणिक आहे. ते म्हणतात, “मेलेली ढोरे ओढू नका, घाणीची कामे टाकून द्या, असे बाबासाहेबांनी सांगितले. मग मलमूत्र साफ करण्याला धम्म कसे म्हणता?”

याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. बाबासाहेबांनी जी कामे टाकावयास सांगितली, ती जन्मामुळे लादलेली होती. ती करणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता, आणि ती केल्याबद्दल त्याला सन्मान नव्हे, तर शिळी भाकर व शिवी मिळत असे. ती गुलामगिरी होती. रुग्णसेवा त्याच्या नेमकी उलट आहे. ती स्वतंत्र माणसाने स्वतःच्या इच्छेने, करुणेपोटी केलेली असते. गुलामाच्या हातात घमेले दिले जाते. मुक्त माणूस आपल्या आईचे भांडे स्वतः उचलतो. काम वरून सारखे दिसले तरी एकात माणूस खाली ढकलला जातो आणि दुसऱ्यात उंच होतो.

पण हा फरक खरा ठरण्यास एक अट आहे. घरातील ही सेवा एकाच माणसावर, तिच्या मनाविरुद्ध, जन्माने लादता कामा नये. आणि आपल्या घरांत काय दिसते? सारा भार सुनेवर. नाहीतर लेकीवर, नाहीतर म्हाताऱ्या बायकोवर. मुलगा डॉक्टरांशी बोलतो, औषधे आणतो आणि ओट्यावर बसून भेटीला आलेल्यांना हकिकत सांगतो. पाठ धुण्याची, लुगडी बदलण्याची पाळी आली की तो घरात दिसत नाही. ‘हे बायकांचे काम’ असे तो म्हणतो. जातीने काम ठरवणे अन्याय, आणि बाई म्हणून काम ठरवणे न्याय, हे कोठले तर्कशास्त्र? त्या भिक्खूला धुणारे तथागत आणि आनंद, दोघेही पुरुष होते. ज्या पुरुषाला बापाचे अंग पुसण्याची लाज वाटते त्याने बुद्धवंदना म्हणताना आपण कोणाला वंदन करतो याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट. दिवंगत भिक्खूचे पात्र आणि चीवर संघाच्या मालकीचे होत असे. पण तथागतांनी सांगितले की रुग्णसेवकांचे उपकार फार मोठे आहेत, म्हणून संघाने ते पात्र-चीवर आजारात सेवा करणाऱ्यांना द्यावे. अडीच हजार वर्षांपूर्वी सेवेची ही दखल घेतली गेली. आपल्याकडे ज्या सुनेने सासूचे चार वर्षे सारे केले, तिला तेराव्या दिवशी कोणी ‘दमलीस का’ असेही विचारीत नाही. आणि वर्षातून एकदा येणारे वाटणीच्या वेळी पहिल्या रांगेत असतात. जलदान विधीच्या दिवशी, चार माणसांसमोर, जिने सेवा केली तिचे नाव घ्या. आणि जे मागे राहिले असेल त्यात तिचा वाटा धरा.

चांगला रुग्ण आणि चांगला सेवक

पाली भाषेत आजारी माणसाला ‘गिलान’ म्हणतात, आणि त्याच्या सेवकाला ‘गिलानुपट्ठाक’. तथागत केवळ ‘सेवा करा’ असे सांगून थांबले नाहीत. कोणत्या रुग्णाची सेवा सोपी जाते आणि कोणता सेवक योग्य, हे त्यांनी पाच-पाच लक्षणांनी सांगितले. ती लक्षणे आजच्या परिचारिकेलाही शिकवण्यासारखी आहेत.

रुग्णाची पाच लक्षणे अशी. तो पथ्याचे करतो, कुपथ्य टाळतो. पथ्याचे असले तरी त्याचे प्रमाण राखतो. औषध घेतो. आजार वाढला की वाढला, उतरला की उतरला, आहे तसा आहे तर आहे तसा, असे आपल्या सेवकाला खरे सांगतो. आणि शरीराच्या वेदना धीराने सोसतो.

यातील चौथे लक्षण आपल्या माणसांना फार अवघड जाते. आपली म्हातारी माणसे दुखणे लपवतात. “कशाला पोरांना त्रास,” म्हणून पाठीची जखम दाखवत नाहीत, लघवीची जळजळ सांगत नाहीत. बायका तर अंगावर काढून काढून आजार हाताबाहेर घालवतात. सुनेसमोर उघडे व्हावयाची लाज, मुलाकडून धुऊन घेण्याची लाज! ही लाज समजून घेतली पाहिजे, तिला हसता कामा नये. पण आजाऱ्यांनाही मला सांगावयाचे आहे की खरे सांगणे हाच येथे शीलाचा भाग आहे. लपवलेल्या दुखण्याने कोणाचा त्रास वाचत नाही, तो दुप्पट होतो. आणि पाचव्या लक्षणाचा अर्थ कण्हू नये, गोळी मागू नये, असा करू नका. औषध घ्यावे आणि खरे सांगावे, हे त्याच यादीत आधी आले आहे. वेदना शमवणारे औषध घेणे हा दुबळेपणा नव्हे. औषध घेऊनही जे उरते ते धीराने सोसणे, एवढाच त्याचा अर्थ.

सेवा घेणे म्हणजे लाचारी, असे ज्या स्वाभिमानी माणसांना वाटते त्यांनी दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत. पहिले स्वतः तथागतांचे. अखेरच्या प्रवासात, कुसिनाराच्या वाटेवर, थकून ते झाडाखाली बसले आणि त्यांनी आनंदाजवळ पाणी मागितले. एकदा वाताचा विकार झाला असता उपवान भिक्खूकडून त्यांनी गरम पाणी मागवून घेतले. साऱ्या जगाला देणाऱ्याने घेण्यातही संकोच केला नाही. दुसरे उदाहरण बाबासाहेबांचे. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते अखेरची वर्षे जर्जर झाले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आजारपणातही हा ग्रंथ पुरा करता आला याचे श्रेय त्यांनी आपली पत्नी डॉ. सविता आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवर नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. आयुष्यभर कोणापुढे न वाकलेला महापुरुष दुसऱ्याचे हात आपल्या पायांना लागू देतो आणि कृतज्ञता व्यक्त करतो, तेथे तुम्हाआम्हाला लाज कसली? सेवा घ्या, आणि करणाऱ्याला एक चांगला शब्द द्या. अंथरुणावर पडलेला माणूसही दान करू शकतो. ते दान गोड शब्दाचे असते.

आता सेवकाची पाच लक्षणे. तो औषध तयार करू शकतो, देऊ शकतो. पथ्य काय, कुपथ्य काय हे जाणतो. पथ्याचे आणतो, कुपथ्य दूर करतो. लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करतो. मल, मूत्र, थुंकी, वांती यांची किळस करीत नाही. आणि योग्य वेळी चार धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाचे मन प्रसन्न करतो.

पहिली दोन लक्षणे ज्ञानाची आहेत, हे ध्यानात घ्या. नुसती माया पुरत नाही, शिकावे लागते. एकाच कुशीवर पडून राहणाऱ्या माणसाची पाठ, कंबर, टाचा सडू लागतात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी, त्या जागा रोज पाहाव्यात, कातडी लाल दिसली तर नर्सबाईंना दाखवावे, अंथरूण कोरडे व बिनसुरकुतीचे ठेवावे. पडल्या पडल्या पेज भरवू नये. मान-पाठ उंच करून, लहान लहान घोटांनी, तो गिळेपर्यंत थांबून भरवावी. लघवीची नळी घातली असेल तर हात धुतल्याखेरीज तिला हात लावू नये, पिशवी कमरेच्या खाली राहील अशी ठेवावी. दवाखान्यातून निघतानाच नर्सबाईंना म्हणावे, “एकदा माझ्या हातून करून घ्या.” धुताना दार लोटून घ्यावे, अंगावर चादर असावी, आणि माणूस समोर असताना त्याच्याविषयी ‘ह्याचं’, ‘तिचं’ असे बोलू नये, त्याच्याशी बोलावे. शरीर परस्वाधीन झालेल्या माणसाजवळ अब्रू एवढीच मालमत्ता उरलेली असते.

अंगारा, नवस आणि पूर्वजन्मीचे पाप

दीक्षा घेऊन नवीनच धम्मात आलेल्या कुटुंबांना मला कळकळीने सांगावयाचे आहे. सुखात असताना देव्हारा रिकामा करणे सोपे असते. मूल तापाने फणफणले, किंवा बाप महिनाभर अंथरुणावर पडला, की शेजारीपाजारी सांगू लागतात: “तुम्ही देव सोडले म्हणून हे झाले. म्हसोबाचा कोप आहे. काळूबाईला जाऊन या. देवऋषाला दाखवा.” घरातलीच एखादी आत्या रात्री गुपचूप अंगारा आणून उशाखाली ठेवते. शरीर आधीच खचलेले, त्यात मनाला भीती घातली जाते. आणि कोंबडे-बकरे यांवर जे रुपये खर्च होतात तेवढ्यात पुण्याला दोन वेळा जाऊन येता आले असते.

आत्यावर रागावू नका. ती भीतीने करते, वाईट बुद्धीने नव्हे. तिला समजावून सांगा. सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले होते की माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते काय? तथागतांनी ते मत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, हयगयीचे वागणे, बाहेरून झालेला आघात, अशीही दुःखाची कारणे आहेत, हे तर लोकही जाणतात, असे त्यांनी सांगितले. म्हणजे आजार हा कार्यकारणाचा भाग आहे, शिक्षा नव्हे. बाबासाहेबांनीही पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, कारण त्याच सिद्धांताने आपल्याला सांगितले होते की तुम्ही अस्पृश्य जन्मलात ते तुमच्याच पापामुळे. जो सिद्धांत आपण जातीच्या बाबतीत फेकून दिला, तो रोगाच्या बाबतीत पुन्हा घरात घेऊ नका. कोणत्याही आजाऱ्याला ‘भोग आहेत, भोगायलाच हवेत’ असे म्हणू नका. त्याच्या दुखण्यावर तो आणखी एक घाव असतो.

एका घराला हे पेलत नाही

आजारी भिक्खूची सेवा कोणी करावी, याचा क्रमही विनयात लावून दिला आहे. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, नाहीतर शिष्याने, सोबत्याने. आणि यांपैकी कोणीच नसेल तर साऱ्या संघाने. संघाने केली नाही तर तो संघाचा दोष. गृहस्थांनी यातून हे घ्यावे, की ज्याचे कोणी नाही त्याची जबाबदारी वस्तीवर येते, आणि ज्याचे कोणी आहे त्यालाही विसावा देणे हे वस्तीचे काम आहे.

केरळमध्ये हे प्रत्यक्षात आले आहे. १९९३ मध्ये कालिकतला वेदनाशामक सेवेची एक संस्था सुरू झाली. पुढे गावोगावचे शेजारी, विद्यार्थी, मजूर स्वयंसेवक बनून घरोघरी आजाऱ्यांकडे जाऊ लागले, आणि २००८ मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरणच केले. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात बालकांची घरी सेवा करावयास लावले, आणि बालमृत्यू किती कमी होतात हे १९९९ मध्ये जगाला दाखवून दिले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी येतात, त्याचे मूळ त्या कामात आहे. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र कर्करोगाच्या रुग्णांची मोफत सेवा करते आणि घरच्या माणसांनाही सेवा शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते, आणि ती मिळते त्यातील केवळ १४ टक्क्यांना. उरलेले आपल्यासारख्याच वाड्यावस्त्यांत पडलेले असतात.

आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातील सावित्रीमाईंना कसे विसरू? १८९७ च्या प्लेगमध्ये, जेव्हा लोक आपल्याच माणसांना टाकून पळत होते, तेव्हा मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रत्येक बौद्धवस्तीने आजपासून एवढे तरी करावे. पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर वस्तीत कोण कोण आजारी आहे त्याची विचारपूस करा. पाळ्या लावा: आठवड्यातून दोन तास कोणी एकाने आजाऱ्याजवळ बसावे, म्हणजे त्या घरच्या बाईला झोप मिळेल, कपडे धुता येतील. भीमजयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून एक चाकाची खुर्ची, एक भांडे, एक उंच होणारी खाट वस्तीच्या मालकीची ठेवा. मुंबईकर मंडळाने गावच्या विहाराला कमान बांधण्याआधी ही खाट पाठवावी. १०८ क्रमांकाची गाडी कोठपर्यंत येते आणि तेथवर डोली कोणी न्यावयाची, हे पावसाळ्यापूर्वी ठरवून ठेवा.

मनाला आजारी पडू देऊ नका

शेवटी त्या आजाराविषयी बोलू, जो बरा होणार नाही. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता नावाचा गृहस्थ राहत होता. तो अत्यवस्थ झाला. त्याची पत्नी नकुलमाता त्याच्या उशाशी बसली आणि तिने ओळखले की याला रोगापेक्षा काळजी जाळते आहे. ती म्हणाली, चिंता घेऊन मरू नका. तुमच्यामागे मुलांचे कसे होईल असे वाटत असेल, तर मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुलांना सांभाळीन. माझ्या शीलाची, माझ्या श्रद्धेची काळजी करू नका. एकेक काळजी तिने अशी काढून घेतली. ग्रंथ सांगतो की तो त्या दुखण्यातून उठला आणि काठी टेकत तथागतांच्या दर्शनाला गेला. अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे तथागत त्याला म्हणाले. पुढे म्हातारपणी त्याच नकुलपित्याला तथागतांनी सांगितले की शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देणार नाही, असा अभ्यास कर.

प्रत्येक आजारी उठून बसेलच असे नाही. अनित्यता हा धम्माचा पाया आहे, तो आपल्या माणसाला वगळून नाही. पण जाणाऱ्याच्या मनातील काळजी विचारता येते. कर्ज कोणाचे आहे, धाकटीच्या लग्नाचे काय, भावाशी अबोला आहे तो मिटवायचा का, हे त्याला बोलू द्या. “असं अभद्र बोलू नका, तुम्ही बरे होणार,” असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. त्याला हवे असेल तर त्रिशरण ऐकवा. नको असेल तर नुसता हात हातात घेऊन बसा. तोही धम्म आहे.

उपासक-उपासिकांनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी ही वेळ येणार आहे. आज सेवा करण्याची, उद्या करून घेण्याची. आज येथून जाताना एवढेच ठरवा की आपल्या वस्तीत कोणीही माणूस ‘मी उपयोगी नाही’ असे म्हणत एकटा पडून राहणार नाही. ज्या घरी आजारी माणूस असेल त्या घरच्या पुरुषांनी आज रात्रीची पाळी स्वतः घ्यावी.

नमो बुद्धाय! जयभीम!